हवासा ढग, नकोसा ढग : इगतपुरीचा वेगळा, निफाडचा वेगळा

नाशिक : डिसेंबरातली सकाळ. निफाड तालुक्यात द्राक्षबागेच्या कडेला राहणारा माणूस उठला की आधी आभाळाकडे बघतो, मग चहाकडे. आभाळ निरभ्र असेल तर थंडी हाडं गोठवते, पण जिवाला बरं वाटतं. तेच आभाळ दुधी, मळकट दिसलं की ट्रॅक्टरला ब्लोअर जोडायची तयारी सुरू होते. पाऊस नाही, गारा नाहीत, वारासुद्धा नाही. तरी जिल्ह्यात सगळ्यात जास्त शिव्या खाणारा ढग बहुधा हाच.

शहरातल्या माणसाला कोणता ढग आवडतो असं विचारलं तर तो निळ्या आभाळातले पांढरे कापशी ढग सांगेल. फोटो चांगला येतो. शेतकऱ्याची आवड-नावड मात्र ढगाच्या रूपावर ठरत नाही. महिना कोणता, शिवारात उभं काय आहे आणि गाव घाटाच्या किती जवळ आहे, यावर ती ठरते. एकच ढग जूनमध्ये पाहुणा असतो आणि जानेवारीत चोर.

नावं कुठून आली

ढगांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत 1802 साली लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी मांडली. हा गृहस्थ व्यवसायाने औषधं बनवणारा, ढग बघणं हा त्याचा छंद. ढीग, थर, केसांची बट आणि पाऊस अशा अर्थाचे लॅटिन शब्द घेऊन त्याने नावं जुळवली. आज जागतिक हवामान संघटनेच्या ढगांच्या अॅटलासमध्ये 10 मुख्य प्रकार आहेत आणि त्यांचा पाया हॉवर्डचाच आहे. मराठी पुस्तकांत त्यांना राशिमेघ, स्तरमेघ, तंतुमेघ म्हणतात. गावात ही नावं कोणी वापरत नाही. तिथे ‘आभाळ आलंय’, ‘मळभ आहे’, ‘ढग पळतायत’ एवढ्यावर भागतं, आणि खरं तर ते पुरेसं अचूकही असतं.

ढग म्हणजे वाफ नव्हे. वाफ डोळ्यांना दिसत नाही. हवा वर चढून थंड झाली की वाफेचे बारीक थेंब होतात, त्यांचा समूह म्हणजे ढग. हे थेंब इतके लहान, की पावसाचा एक साधा थेंब व्हायला त्यातले सुमारे दहा लाख एकत्र यावे लागतात. म्हणूनच आभाळात ढग असणं आणि पाऊस पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक येवला-नांदगावच्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही.

पश्चिमेचा लाडका

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात जून-जुलैचा आवडता ढग म्हणजे करडा, बिनआकाराचा, डोंगराच्या माथ्यावर टेकलेला. त्यात बघण्यासारखं काही नसतं. गडगडाट नाही, विजा नाहीत, नुसती झड. पण भाताची आवणी होते ती याच ढगाच्या जिवावर. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकून वर ढकलली जाते आणि तिथेच रिकामी होते. यातले बरेच ढग फार उंचही नसतात. वरच्या बर्फाच्या थरापर्यंत न पोचताच, थेंबाला थेंब चिकटून त्यांचा पाऊस होतो.

या ढगाचं खरं मोल त्याच्या संथपणात आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर साधारण चार हजार लिटर पाणी. 25 मिलिमीटर दिवसभर रिपरिपत पडला, तर एकरी एक लाख लिटर पाण्यातला मोठा वाटा जमिनीत मुरतो आणि विहिरीपर्यंत जातो. तेवढाच पाऊस अर्ध्या तासात कोसळला तर माती घेऊन ओढ्याला लागतो. पावसाच्या नोंदवहीत दोन्हींचा आकडा सारखाच.

घाटमाथा उतरून पूर्वेला आलं की चित्र पालटतं. जिल्ह्याच्या पश्चिमेला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर पूर्वेच्या तालुक्यांत पाच-सहाशे. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा गरम होते, ढग विरळ होतात. जुलैत सिन्नरच्या पूर्व भागात, येवल्यात, नांदगावात माणसं पाहतात ते पळते ढग. दिवसभर पश्चिमेचा वारा सुटलेला, डोक्यावरून ढगांच्या झुंडी चाललेल्या, आणि खाली मका माना टाकतो. पहिल्या पेरणीनंतर हे पंधरा दिवस चाललं की दुबार पेरणीची भाषा सुरू होते. ‘आभाळ रोज येतं, उतरत नाही’ ही तिथली तक्रार शास्त्राच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर आहे.

त्यामुळे पश्चिमेला ज्याची धास्ती वाटते तो गडगडाटी ढग पूर्वेला हवासा असतो. सप्टेंबरात वारा मंदावतो, दुपारी जमीन तापते, आणि संध्याकाळी कोबीच्या गड्ड्यासारखे ढग वर चढतात. परतीच्या या पावसावर पूर्वेकडच्या विहिरी आणि रब्बीची ओल अवलंबून असते. अर्थात त्याच वेळी काढलेला मका किंवा सोयाबीन खळ्यावर पडलेलं असेल, तर हाच ढग नकोसा.

ऐरणीसारख्या माथ्याचा

आता ज्याच्याबद्दल कुठेच दुमत नाही तो ढग. पायथा काळा, उंची 12 ते 16 किलोमीटर, माथा लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा पसरलेला. शास्त्रात याला क्युम्युलोनिंबस म्हणतात. याच्या पोटात वर जाणारा वारा इतका जोरकस असतो, की थेंब शून्याखालच्या तापमानात वर फेकले जातात. तिथे गोठलेल्या कणावर थंडगार पाण्याचे थर चढत जातात आणि गार मोठी होते. वाऱ्याला तिचं वजन पेलेनासं झालं की ती खाली येते. मोठी गार मधोमध फोडली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये जवळपास दोन आठवडे राज्याच्या मोठ्या भागाला या ढगांनी झोडपलं. नाशिककरांच्या अधिक ताज्या आठवणीत आहे तो 26 नोव्हेंबर 2023 चा रविवार. एका संध्याकाळी निफाड परिसरातल्या बागांमध्ये गारांचा सडा पडला आणि वर्षभराचा खर्च घडांसकट जमिनीवर आला.

हा ढग माणसंही घेतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर शेतातलं काम टाकून पक्क्या घरात जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाखाली थांबणं सगळ्यात वाईट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने काढलेलं ‘दामिनी’ अॅप आजूबाजूला वीज पडत असल्यास मोबाइलवर सावध करतं.

न पडणारा ढग

तरीही बागाईतदारांच्या गप्पांत गारपिटीपेक्षा जास्त वेळा नाव निघतं ते मळभाचं. गारपीट दोन-चार वर्षांतून एखाद्या शिवारात येते, मळभ दर हिवाळ्यात येतं आणि सगळ्यांकडे येतं. उत्तरेकडून जाणारा पश्चिमी झंझावात किंवा अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरात तयार झालेलं कमी दाबाचं क्षेत्र, यांच्यामुळे ओली हवा आत ओढली जाते आणि आभाळावर पडदा धरतो.

या पडद्याखाली सकाळी पानावरचं पाणी लवकर वाळत नाही. ओलं पान म्हणजे डावणीला आमंत्रण. बाग फुलोऱ्यात असेल तर घडकूज आणि गळीची भीती. मणी धरल्यानंतर भुरीची पाळी येते. भुरीला तर पानावर पाणीही लागत नाही. दमट हवा आणि अंधूक उजेड तिला पुरतो, कडक ऊन मात्र सोसत नाही. शेजारच्या वावरात कांद्यावर करपा, हरभऱ्यावर घाटेअळी. औषध मारायचं तर मजूर, डिझेल, औषध असा तिहेरी खर्च. काढणी जवळ आली असेल तर मारूनही चालत नाही, कारण युरोपला जाणाऱ्या मालात रेसिड्यू निघाला की कंटेनर अडतो.

आणि या नुकसानीची नोंद कुठेच होत नाही. गारपीट झाली तर तलाठी येतात, पंचनामा होतो, 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर सरकारी मदतीत नाव बसतं. फळपीक विम्यात द्राक्षासाठी मोजलं जातं ते पाऊस, कमी तापमान आणि गारा. नुसत्या ढगाला तिथे रकाना नाही. आठ दिवस मळभ राहिलं, चार फवारण्या जादा झाल्या, मण्यांत साखर भरायला उशीर लागला, तर तो हिशोब शेतकऱ्याच्या स्वतःच्या वहीतच राहतो. औषध दुकानदाराच्या उधारीच्या वहीतही असतो म्हणा.

मळभाची एक बाजू मात्र बागाईतदारही मान्य करतात. रात्री ढग म्हणजे गोधडी. दिवसा तापलेल्या जमिनीची उष्णता निरभ्र रात्री सरळ वर निघून जाते, ढग असले की त्यातली बरीच परत फिरते. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या स्वच्छ आभाळाच्या पहाटेच्या. कडाक्याच्या थंडीत मणी तडकतात म्हणून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. ढगाळ रात्री ते जागरण टळतं. गहूवाल्याला विचारलं तर त्याचं उत्तर उलटं, त्याला ती थंडी हवीच असते.

लाडका वेळेआधी आला तर

एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत वेलीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड ठरतात. बाहेरून काही दिसत नाही, पण या काळात काडीला भरपूर ऊन लागतं. एरवी मे महिना ते देतोच. 2025 मध्ये मे महिन्यातच पावसाने ठाण मांडलं आणि 26 मे रोजी मान्सून मुंबईत पोचला. इगतपुरीच्या भातवाल्याने ज्याची वाट बघावी तोच करडा ढग निफाड-दिंडोरीवर नको त्या दिवसांत येऊन बसला. सूक्ष्म घडनिर्मितीवर परिणाम झाला की तो लगेच कळत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर कोंब फुटतात तेव्हा कळतं, घड येण्याऐवजी नुसती बाळी निघते तेव्हा.

सगळ्यात उंचावरचे

उरले पिंजलेल्या कापसाच्या रेषांसारखे तंतुमेघ. हे बर्फाच्या कणांचे, सहा किलोमीटरच्या वर राहणारे. यांचं पाणी जमिनीपर्यंत येत नाही, त्यामुळे यांच्याशी कोणाचं वैर नाही. त्यांचा पातळ थर पसरला की चंद्राला किंवा सूर्याला मोठं खळं पडतं. खळं लांब की जवळ यावरून जुनी माणसं पाऊस ठरवतात. बर्फाच्या कणांमुळे पडणारं मोठं खळं कायम एकाच मापाचं असतं, जवळ दिसणारं लहान कडं पाण्याच्या थेंबांच्या ढगामुळे पडतं, म्हणजे तो ढगच वेगळा.

तरी या निरुपद्रवी रेषांवर नजर ठेवावी. जानेवारीत त्या पश्चिमेकडून वर चढताना दिसल्या आणि दुपारपर्यंत त्यांचा पडदा होऊन माणसाची सावली पुसट झाली, तर पुढचे एक-दोन दिवस मळभाचे निघू शकतात. त्या दिवशी संध्याकाळी पिंपळगाव, ओझरकडच्या औषधांच्या दुकानांत नेहमीपेक्षा जास्त गाड्या उभ्या असतात.