काचपट्टीमागची माणसं

शाळेच्या प्रयोगशाळेत कांदा आला की वर्गात थोडी धांदल उडते. फोडीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलायचा, काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडू देता पसरायचा, आयोडीनचा एक थेंब सोडायचा आणि आच्छादक काच तिरकी धरून हलकेच टेकवायची. काच घाईने पडली की आत हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडांचे हे गोल सूक्ष्मदर्शकातून इतके ठसठशीत दिसतात की कुणी ना कुणी त्यांनाच पेशी समजून वहीत काढतं. मग शिक्षक काचपट्टी जराशी सरकवतात आणि विटांच्या भिंतीसारख्या लांबट चौकटी नजरेसमोर येतात. प्रत्येकीत एक पिवळसर तपकिरी ठिपका. ते केंद्रक.

हा आनंद फार वेळ टिकत नाही. पुढच्या तासाला तंतुकणिका, लयकारिका, आंतर्द्रव्यजालिका अशी नावं पाठ करायची असतात आणि परीक्षेत सुबक आकृती काढून बाण दाखवायचे असतात. पेशी पहिल्यांदा कुणी पाहिली, कशाच्या मदतीने पाहिली, ती कुणाच्या शरीरातून घेतली होती, याला पाठ्यपुस्तकात एखाद-दुसरी ओळ मिळते. अभ्यासक्रम मोठा आणि पानं मोजकी, हे मान्यच. पण त्यामुळे पेशीचा धडा माणसांवाचून राहतो. पेशीविज्ञानावरची चांगली पुस्तकं नेमकी ही माणसं परत आणून देतात, आणि म्हणूनच विज्ञानाशी शाळेपुरताच संबंध आलेल्या वाचकानेही ती हातात घ्यावीत.

अशा पुस्तकांची परंपरा पेशी या शब्दाइतकीच जुनी आहे, कारण तो शब्द एका पुस्तकातूनच आला. १६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूकचं ‘मायक्रोग्राफिया’ प्रसिद्ध झालं. हूक तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता. रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवणं हीच त्याची नोकरी, आणि दर बैठकीला सूक्ष्मदर्शकाखालचं काही ना काही नवं आणण्याचं काम त्याच्याकडे सोपवलेलं होतं. त्याने सुईचं टोक पाहिलं, वस्तऱ्याची धार पाहिली, बुरशी पाहिली, उवा आणि पिसवा पाहिल्या. पुस्तकातली पिसू घडी उलगडून पाहावी लागते. जवळजवळ दीड फूट लांबीचं ते चित्र आहे, आणि त्यात पायांवरचा केस न् केस कोरलेला आहे. सॅम्युएल पेप्स या नौदलाच्या कचेरीतल्या अधिकाऱ्याने हे पुस्तक विकत घेतलं आणि रात्री दोनपर्यंत जागून वाचलं. त्याने रोजनिशीत तशी नोंदच केली आहे.

बुचाचं प्रकरण मात्र शांतपणे वाचायला हवं. हूकने चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावली आणि बुचाचा अगदी पातळ काप काढला. बूच पांढुरकं, म्हणून काप काळ्या तबकडीवर ठेवला आणि भिंगाने त्यावर प्रकाश एकवटला. त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. दुसरा कुणी ‘असंख्य कप्पे’ असं लिहून थांबला असता. हूकने मोजले. इंचाच्या अठराव्या भागात सुमारे साठ कप्पे, म्हणजे इंचभर ओळीत १०८०, आणि एका घन इंचात १२५ कोटी ९७ लाख १२ हजार. हा आकडा आपल्यालाच खरा वाटला नसता, असंही त्याने प्रांजळपणे लिहिलं. त्या कप्प्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं, लहानशी खोली या अर्थाने. त्या खोल्या रिकाम्या होत्या, कारण बुचातल्या पेशी मेलेल्या असतात. त्याला दिसल्या त्या उरलेल्या भिंती. तरी नाव टिकलं.

मराठीत या शब्दाने दोन घरं केली. आयुर्वेदात पेशी म्हणजे मांसाचा पट्टा, म्हणून ‘मांसपेशी’. मराठी विश्वकोशाने ‘कोशिका’ हा शब्द स्वीकारला, तर शालेय पुस्तकांनी ‘पेशी’. शेवटी जिंकली ती पेशी. बोलायला सोपा शब्द बहुधा असाच जिंकतो.

हूकनंतर डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून पाण्याच्या थेंबातले आणि आपल्या दातांवरच्या किटणातले जिवंत जीव पाहू लागला. त्याला लॅटिन येत नव्हतं. त्याने आपली सगळी निरीक्षणं डच भाषेतल्या पत्रांतून रॉयल सोसायटीला कळवली. एकोणिसाव्या शतकात श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असतात असं मांडलं, आणि १८५८ मध्ये रुडॉल्फ फिरखो याचं बर्लिनमधल्या व्याख्यानांवर आधारलेलं पुस्तक आलं. पेशीतूनच पेशी जन्मते हे त्यातलं सूत्र आजही फिरखोच्याच नावावर सांगितलं जातं. पण कोंबडीच्या भ्रूणातल्या रक्तपेशी दुभंगताना त्याच्या आधी पाहिल्या होत्या त्या रॉबर्ट रेमाकने. रेमाक ज्यू होता, धर्म बदलायला त्याने नकार दिला, आणि पूर्ण प्राध्यापकपद त्याला कधीच मिळालं नाही. पेशीचा इतिहास शिकवताना त्याचं नाव घ्यायलाच हवं.

विसाव्या शतकातलं एक छोटं पुस्तक एका भौतिकशास्त्रज्ञाचं आहे. नाझींमुळे ऑस्ट्रिया सोडावा लागलेल्या एर्विन श्रोडिंगरने १९४३ च्या फेब्रुवारीत डब्लिनमध्ये व्याख्यानं दिली. पुढच्या वर्षी ती ‘व्हॉट इज लाइफ?’ या नावाने छापली गेली. पुस्तक जेमतेम शंभर पानांचंही नाही. जीव म्हणजे काय, आणि एवढ्याशा पेशीत वंशाचा सगळा मजकूर मावतो कसा, हा त्याचा प्रश्न. त्यातले काही तर्क पुढे टिकले नाहीत. पण वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स हे तिघेही ते वाचून जनुकाच्या कोड्याकडे ओढले गेले, आणि डीएनएच्या रचनेसाठी नोबेल मिळालं ते याच तिघांना.

लुइस थॉमस याचा बाज अगदी वेगळा. तो डॉक्टर होता आणि एका वैद्यकीय नियतकालिकात दर महिन्याला छोटा लेख लिहायचा. त्यातले २९ लेख १९७४ मध्ये ‘द लाइव्ह्ज ऑफ अ सेल’ या पुस्तकात एकत्र आले. आपल्या पेशीतल्या तंतुकणिकांकडे तो शेजाऱ्याकडे पाहावं तसा पाहतो. शाळेत तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र एवढंच कळतं. खरी गोष्ट अशी, की त्यांच्याकडे स्वतःचा वेगळा डीएनए असतो, त्या स्वतःच दुभंगून वाढतात, आणि आपल्याला त्या मिळतात फक्त आईकडून. अब्जावधी वर्षांपूर्वी एक जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथेच राहून गेला, त्याचे हे वंशज. लिन मार्ग्युलिसने हे मांडलं तेव्हा पंधराएक नियतकालिकांनी तिचा निबंध परत पाठवला होता. अखेर १९६७ मध्ये तो छापून आला. आज तो अभ्यासक्रमात आहे. थॉमसचे लेख अजून वाचावेसे वाटतात ते या नवलामुळे. आपण ज्याला ‘मी’ म्हणतो तो किती जणांचा एकत्र संसार आहे, हे कळल्यावर त्याला झालेला आनंद पानापानांवर दिसतो.

या सगळ्यांत एकच पुस्तक सुचवायचं झालं, तर ते रिबेका स्क्लूट यांचं ‘द इमॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स’. २०१० मध्ये आलेल्या या पुस्तकामागे दहा वर्षांहून अधिक काळाची मेहनत आहे.

हेन्रिएटा ही व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतात राबलेली कृष्णवर्णीय बाई, पाच मुलांची आई. १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेण्यासाठी ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आली. तिथे गाठीचा छोटा तुकडा तिला न विचारता काढून घेतला गेला आणि जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पोचला. माणसाच्या पेशी शरीराबाहेर वाढवण्यासाठी गाय यांची अनेक वर्षं खटपट चालू होती, पण पेशी काही दिवसांत मरत. मेरी क्युबिचेक या त्यांच्या सहायिकेने या तुकड्याचे बारीक काप करून काचेच्या नळ्यांत ठेवले आणि नाव-आडनावांची पहिली अक्षरं जोडून नळीवर लिहिलं : हेला. या पेशी मेल्या नाहीत. चोवीस तासांत दुप्पट होत त्या वाढतच राहिल्या.

हेन्रिएटा मात्र त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेली. वय अवघं ३१. शवविच्छेदनाच्या वेळी मेरी तिथे हजर होती. चेहऱ्याकडे पाहवेना म्हणून तिने नजर पायांकडे वळवली. पायांच्या नखांवर लाल रंग होता, जागोजागी उडालेला. कधीतरी बसून या बाईने तो हौसेने लावला असेल, हे मेरीला जाणवलं, आणि आपण रोज हाताळतो त्या पेशी एका जित्याजागत्या बाईच्या आहेत, ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात शिरली. अख्ख्या पुस्तकात याहून मोठा प्रसंग नाही.

पोलिओच्या लशीची चाचणी हेला पेशींवर झाली, त्या अवकाशात गेल्या, जगभरच्या प्रयोगशाळांत पोचल्या. हेन्रिएटाच्या घरच्यांना यातलं काही कळायला १९७३ साल उजाडलं. तिची मुलगी डेबोरा आई गेली तेव्हा तान्ही म्हणावी एवढीच होती. अर्धशतकानंतर ती आणि तिचा भाऊ एका शास्त्रज्ञाच्या मदतीने प्रयोगशाळेत उभे राहिले आणि त्यांनी पडद्यावर आईच्या पेशी पाहिल्या. पुस्तक छापून आलं तेव्हा डेबोरा हयात नव्हती. हेन्रिएटाच्या कबरीवर नाव कोरलेला दगडही २०१० मध्येच बसला. २०२३ मध्ये कुटुंबाने या पेशींवर नफा कमावणाऱ्या एका कंपनीशी तडजोड केली, पण ती पुस्तकानंतरची गोष्ट. परवानगी हा शब्द पेशीविज्ञानात किती उशिरा आला, हे समजण्यासाठी या एका पुस्तकाइतकं दुसरं काही उपयोगी नाही.

गाय यांच्या याच प्रयोगशाळेत पुण्याची एक मुलगी शिकायला गेली होती, हे मराठी वाचकांना ठाऊक असायला हवं. कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे. जन्म १९१७ चा, शाळा हुजूरपागा, मग फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा, पण कमलताईंचं मन वनस्पतींच्या पेशींत रमलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. म्हणजे आपण बिया थुंकत खातो त्या फळापासून त्यांची वाट सुरू झाली. पुढे मुंबईत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएचडी, आणि त्यानंतर अमेरिकेत गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचं, म्हणजे पेशी काचेत जगवण्याचं शिक्षण. हे कसब घेऊन त्या मुंबईला परतल्या आणि इथल्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यातही त्या पुढे होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

त्यांच्यानंतरची वाट सिद्धार्थ मुखर्जी यांच्या ‘द साँग ऑफ द सेल’ या २०२२ च्या पुस्तकात दिसते. पुस्तक जाडजूड आहे आणि मध्ये मध्ये रेंगाळतंही, पण रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी बाहेर काढून, बदलून, औषध म्हणून परत देण्याची गोष्ट ते फार समजावून सांगतं. या उपचाराचा भारतीय अवतार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवला. रक्ताच्या काही कर्करोगांवरच्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पवईत आणि खारघरला झालेलं हे काम वाचताना मुखर्जींचं पुस्तक परक्या मुलखातलं राहत नाही.

पुण्यात गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या संशोधकांना लागणाऱ्या पेशी इथे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून ठेवलेल्या असतात. टाकीचं झाकण उचललं की पांढरं धुकं बाहेर सांडतं. गोठलेली छोटी कुपी ३७ अंशांच्या पाण्यात मिनिटभर हलवली की बर्फ विरघळतो, आणि आतला थेंब गुलाबी पोषकद्रवात सोडतात. काही तासांत पेशी तळाला चिकटतात आणि हातपाय पसरू लागतात. पुढच्या दिवसांत सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर त्या दुभंगून वाढू लागलेल्या दिसतात. त्यांतल्या काही कुप्यांवर अजूनही मेरीने १९५१ मध्ये लिहिलेलंच नाव असतं, हेला.