हिरवं पाणी आणि निळा दिवा
काचपेटीतलं पाणी : लेखांक ७

गेल्या रविवारी सुरतच्या उधन्यातल्या एका घरी चहाला गेलो होतो. दोन खोल्यांचं घर, गल्लीच्या टोकाला लूमचं खातं, आणि त्याची खटखट इतकी अखंड की घरच्यांना ती आता ऐकूच येत नाही. खिडकीखाली तीन फुटी टँक. आत सहा गोल्डफिश आहेत हे मला सांगावं लागलं, कारण पाणी पालकाच्या सुपासारखं झालेलं. घराणं मूळचं शिंदखेड्याकडचं. पलंगावर बसलेल्या आजीने विचारलं, “पानी हिरवं काबर व्हस?” नातवाचा प्रश्न वेगळा होता : “दुकानवाला नऊ वॅटचा यूव्ही दिवा घ्या म्हणतो. घेऊ का, काका?”

बहुतेक घरांत नातवाच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं जातं आणि आजीचा प्रश्न तसाच राहतो. आज दोन्ही घेऊ.

आधी दिवा. सूर्यप्रकाशात जिवाणूंची वाढ थांबते, हे डाऊन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी १८७७ साली दाखवून दिलं. १९१० मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरात पिण्याचं पाणी अतिनील (यूव्ही) किरणांनी निर्जंतुक करण्याचा प्रयोग झाला. आज टँकसाठी मिळणारा दिवा त्याच वंशातला आहे. नळीत पाऱ्याची वाफ, तिच्यातून निघणारे साधारण २५४ नॅनोमीटरचे किरण. साधी काच हे किरण अडवते, म्हणून दिव्याभोवती क्वार्ट्झची नळी असते आणि पंपाने ढकललेलं पाणी तिच्या बाहेरून सरकत जातं. किरण पेशीत शिरले की डीएनएच्या धाग्यातले शेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात. लूमवर ताण्याचे शेजारचे धागे चिकटले तर पुढचं कापड विणलं जाईल का? इथेही तसंच होतं. जीव त्याच क्षणी मरतो असं नाही, पण त्याची पुढची पिढी विणली जात नाही.

“पण काका, आपल्या किचनमधल्या प्युरिफायरमध्येही यूव्हीच आहे की!” नातू म्हणाला. आहे, पण दोन्हींत मोठा फरक आहे. प्युरिफायरमधलं पाणी दिव्यासमोरून एकदा जातं आणि थेट पेल्यात पडतं. ते माघारी येत नाही. टँकचं पाणी मात्र दिव्यासमोरून जाऊन पुन्हा त्याच टँकमध्ये, त्याच वाळूवर, त्याच माशांत मिसळतं. गेटवरचा टीसी गेटमधून जाणाऱ्यालाच पकडतो. रूळ ओलांडून गेलेला त्याच्या हाती कुठून लागणार?

हिशेबच करू. ९० सेंटीमीटर लांब, ३० रुंद, ३८ उंच टँक म्हणजे ढोबळमानाने १०० लिटर. पंप ताशी १०० लिटरचा असेल तर तासाभरात सगळं पाणी दिव्यासमोरून गेलं असं वाटतं. प्रत्यक्षात धुतलेलं पाणी न धुतलेल्यात सतत मिसळत असतं. त्यामुळे तासाभरात सुमारे ६३ टक्केच पाणी निदान एकदा दिवा पाहतं आणि ९५ टक्क्यांपर्यंत जायला तीन तास लागतात. मग पंप जोरात चालवावा? तर पाणी दिव्यासमोर थांबतच नाही आणि किरणांची मात्रा कमी पडते. तरंगत्या शेवाळाला थोडी मात्रा पुरते, परजीवींना तिच्या कित्येक पट लागते. ‘शेवाळही घालवतो, रोगही घालवतो’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण एकाच वेगाने दोन्ही कामं होत नाहीत.

रोगाचं उदाहरण म्हणजे व्हाइट स्पॉट. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात, तेव्हा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो. पोट भरलं की तो सुटून तळाशी चिकटतो आणि तिथे एकाची शेकडो पिल्लं होतात. ती पिल्लं पोहत नवा मासा शोधतात. या तीन टप्प्यांपैकी फक्त पोहणारा टप्पा दिव्यापर्यंत पोचू शकतो. घरच्या टँकमध्ये पिल्लाला मासा सापडतो चार बोटांवर आणि दिवा असतो पंपाच्या पलीकडे. म्हणून एका टँकमधला व्हाइट स्पॉट दिव्याने बरा होत नाही. पण ज्या दुकानात वीस टँकना एकच पाणी फिरतं, तिथे एका टँकचा रोग दुसऱ्यात जाण्याच्या वाटेवर हा दिवा खरोखर पहारा देतो. मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांत तो वापरतात त्यामागे हेही एक कारण आहे. पालच्या जगदीशचंद्र बोस मत्स्यालयातून आल्यावर घरी टँकचा हट्ट धरणाऱ्या मुलांना हा फरक सांगायला हवा.

गेल्या लेखांकातल्या उपयोगी जिवाणूंचं काय, असा प्रश्न मनात आला असेल. ते स्पंजला आणि वाळूला चिकटून राहतात, त्यामुळे दिव्यापासून वाचतात. औषधांचं मात्र तसं नाही. मिथिलिन ब्ल्यूसारखी काही औषधं या किरणांनी विघटित होऊन निकामी होतात. औषध टाकलं की दिवा बंद ठेवायचा.

आता सांभाळण्याचा खर्च. नऊ वॅटचा दिवा चोवीस तास चालला तर महिन्याला साधारण साडेसहा युनिट. ते फार नाही. पण आठ-नऊ हजार तासांत, म्हणजे सुमारे वर्षभरात, दिव्यातले कामाचे किरण क्षीण होतात. निळा उजेड मात्र तसाच दिसत राहतो, कारण कामाचे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यामुळे पुष्कळ घरांत दुसऱ्या वर्षापासून नुसती रोषणाई चाललेली असते. बोअरचं जड पाणी असेल तर बादलीला धरतं तसं पांढरं पुट क्वार्ट्झच्या नळीलाही धरतं. ते व्हिनेगरने काढावं लागतं. आणि उघडा दिवा चुकूनही बघायचा नाही. उधन्यात फॅब्रिकेशनची दुकानं कमी नाहीत. वेल्डिंगकडे बघितल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं का खुपतं, ते तिथल्या कुठल्याही कारागिराला विचारा. कारण हेच.

मग घ्यायचा कधी? पांढऱ्या कपात टँकचं पाणी घ्या. पाणीच हिरवं असेल तर दिवा आठवड्या-दोन आठवड्यांत ते निवळवेल. पाणी स्वच्छ आणि काच हिरवी असेल तर दिव्याचा उपयोग शून्य, कारण चिकटलेलं शेवाळ दिव्याकडे जातच नाही. पाणी दुधासारखं गढूळ असेल तर टँक नवा आहे किंवा खाणं जास्त पडतंय. चहासारखं असेल तर तो लाकडाचा रंग. त्यालाही हा दिवा नको.

आता आजीचा प्रश्न. पाणी हिरवं झालं कारण टँक पश्चिमेच्या खिडकीखाली आहे आणि घरातला प्रत्येक जण येता-जाता चिमूटभर दाणे टाकतो. ऊन आणि खत, दोन्ही भरपूर. दिवा शेवाळ मारतो, पाण्यातून काहीच काढून टाकत नाही. मेलेलं शेवाळ टँकमध्येच कुजतं. शिवाय जिवंत शेवाळ जो अमोनिया खात होतं, तो आता माशांच्या वाट्याला येतो. म्हणून दिवा लावलाच तर पहिल्या आठवड्यात पाणी बदलत राहायचं, आणि फिल्टरचा स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

त्या घरी दिवा घेतला नाही. घरात ग्रे कापडाचा जुना ताका पडून होता. त्याच्या आठ घड्या करून टँक चारही बाजूंनी झाकला. हवेचा पंप चालू, खाणं बंद, चार दिवस. बुधवारी रात्री नातवाचा फोन आला : पाणी निवळलंय, सहाच्या सहा मासे दिसतायत. गुरुवारी त्याने निम्मं पाणी बदललं आणि टँक आतल्या भिंतीला सरकवला. दाण्यांचा डबा आता आजीच्या उशाशी असतो. दिवसातून एकदा, तीच टाकते.

पुढच्या लेखांकात : नळाचं पाणी थेट टँकमध्ये का ओतू नये.