गुळवेल : उपयुक्ततेचा पुरावा आणि सुरक्षिततेचा प्रश्न

भावप्रकाशकारांनी निघंटूतील एका संपूर्ण वर्गाला जिचे नाव दिले आणि चरकाचार्यांनी वयःस्थापन गणात व मेध्य रसायनांत जिची गणना केली, ती गुडूची आपल्या नित्य वापरातील वनस्पती होय. ‘अमृता’ हा तिचा पर्यायच तिच्यावरील विश्वास व्यक्त करतो. मात्र गेल्या काही वर्षांत तिच्या सेवनानंतर यकृतशोथ झाल्याचे वृत्तांत प्रसिद्ध झाले आहेत. अशा वेळी नुसते संतापून किंवा नुसते घाबरून भागणार नाही. दोन्ही बाजूंचा पुरावा तपासणे हे वैद्याचे व औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरते.

उपयुक्ततेचा पुरावा

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर दीर्घकाळ संशोधन केले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोगजन्य अवरोधात्मक काविळीच्या ३० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. केवळ प्रचलित उपचार घेणाऱ्या गटात ५० टक्के रुग्णांमध्ये जंतुदोष रक्तात पसरल्याची लक्षणे दिसली. गुळवेलीची जोड दिलेल्या गटात एकाही रुग्णात ती आढळली नाहीत. नागपूर येथे झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रतिश्यायाच्या (ॲलर्जिक ऱ्हायनायटिस) ७५ रुग्णांना आठ आठवडे गुळवेल किंवा निष्क्रिय औषध देण्यात आले. त्यात शिंका व नासास्राव यांत गुळवेलीने लक्षणीय उपशय मिळाला. रुग्णसंख्या मर्यादित असली तरी हा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

प्रतिकूल वृत्तांत

मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात पाहिलेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध केला. कोविडच्या भीतीने या सर्वांनी गुळवेलीचे सेवन केले होते. त्यांपैकी एक रुग्ण दगावली. २०२२ साली देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सेवनारंभापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवस होता, आणि अनेकांमध्ये स्वप्रतिकारजन्य यकृतशोथाची चिन्हे होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला, गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले व टिनोस्पोरा क्रिस्पा या विषारी ठरू शकणाऱ्या प्रजातीशी तिची गल्लत होत असल्याकडे लक्ष वेधले.

कारणमीमांसा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात औषधाच्या अनर्थाची दोन कारणे सांगितली आहेत. नाम, रूप आणि गुण यांनी न ओळखलेले औषध अनर्थ करते. आणि ओळखलेले असूनही अयोग्य रीतीने योजलेले औषधही अनर्थच करते. आपली चर्चा पहिल्या कारणापाशी थांबते, ही खेदाची गोष्ट आहे. मिसळ हे एक संभाव्य कारण आहेच. परंतु प्रत्येक रुग्णाचा दोष क्रिस्पावर टाकून आपण दुसऱ्या कारणातून मुक्त होत नाही.

ऑक्टोबर २०२० च्या राष्ट्रीय उपचार संहितेत प्रतिबंधासाठी गुडूची घनवटी ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा एक महिना इतकीच सांगितली होती. प्रत्यक्षात मात्र अनेकांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून, इतर द्रव्यांसह, महिनोन्‌महिने काढे घेतले. व्याधिक्षमता वाढवणे म्हणजे ती अमर्याद चेतवणे नव्हे. स्वप्रतिकारजन्य विकाराची प्रवृत्ती असलेल्या शरीरात तेच चेतन घातक ठरू शकते.

व्यवहारात काय करावे ?

चिकित्सकांनी गुळवेल योजण्यापूर्वी यकृतविकार, मद्यपान, स्वप्रतिकारजन्य व्याधी आणि चालू औषधे यांची चौकशी करावी. मधुमेही रुग्णाच्या औषधांबरोबर ती देताना रक्तशर्करेवर लक्ष ठेवावे. आयुर्वेदीय औषधकोशातील मात्रा, म्हणजे चूर्ण ३ ते ६ ग्रॅम व क्वाथार्थ २० ते ३० ग्रॅम, ओलांडू नये. घन हे चूर्णापेक्षा तीव्र असते, हे विसरू नये. अवधी चिठ्ठीवर स्पष्ट लिहावा. दीर्घकाळ द्यावयाची असल्यास यकृताच्या चाचण्या करवून घ्याव्यात. अरुची, पीतमूत्रता किंवा कामला दिसताच औषध बंद करून रुग्णास यकृततज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधनिर्मात्यांनी केवळ ‘गुळवेल’ या नावावर माल घेऊ नये. खऱ्या गुळवेलीची पाने हृदयाकृती व गुळगुळीत असतात आणि आडव्या छेदात चक्राकार रचना दिसते. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात, तर टिनोस्पोरा सायनेन्सिसच्या पानांवर लव असते. चूर्ण झाल्यावर ही ओळख डोळ्यांनी पटत नाही. म्हणून अखंड कांडे घ्यावे, वनस्पतितज्ज्ञाकडून तपासून घ्यावे, प्रत्येक खेपेचा नमुना जपून ठेवावा.

२०१८ पासून आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा कार्यरत असून तिचे समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. संशयित प्रत्येक घटना तेथे कळवावी. आपण नोंद केली नाही, तर आपल्या औषधाचा इतिहास इतर लोक लिहितील, आणि त्यात आपण दिलेली मात्रा, अवधी व अनुपान यांचा उल्लेख नसेल. गुळवेलीचे अमृतत्व टिकवायचे असेल, तर ते वैद्याच्या युक्तीनेच टिकेल.