उजव्या बाजूची पणती

आमच्या गावच्या वाचनालयात आयुष्यभर पुस्तकांची देवघेव सांभाळलेले ग्रंथपाल गेल्या ऑक्टोबरात गेले. दुसऱ्याच दिवशी वाचनालयाच्या वेबसाइटवर त्यांच्यावरचा लेख चढला. लेख चांगला होता, फोटो त्याहून चांगला: जाड काचांचा चष्मा आणि हातात तारखेचा शिक्का. फोटोच्या बरोबर उजवीकडे एक पणती लुकलुकत होती आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आनंदाची बातमी! दिवाळी अंक योजनेची वर्गणी आजच भरा.’

नऊ वाजायच्या आत अध्यक्षांचा फोन. वेबसाइटचं मी बघतो. दुसरं कुणी बघत नाही म्हणून बघतो. “अहो, ती आनंदाची बातमी तेवढी काढा हो. त्यांच्या घरची मंडळी बघताहेत.”

काढून टाकायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण वर्गणी त्याच पणतीमुळे येत होती. तेव्हा मागणी अशी ठरली की बाकी सगळीकडे राहू दे, इथे तेवढी नको. ऐकायला साधी वाटणारी ही मागणी पुरी करायला मला दोन दिवस लागले आणि त्यात जे कळलं ते वेबसाइट चालवणाऱ्या कुणाच्याही कामाचं आहे. शाळा, पतसंस्था, नाट्यमंडळ, घरगुती मसाल्यांचा धंदा, कुणाचीही साइट असो, ती वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट चालवायच्या त्या सॉफ्टवेअरवर, असण्याची शक्यता मोठी. जगातल्या वेबसाइटांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वर्डप्रेसवर चालतात.

ती पणती म्हणजे ‘विजेट’. मुख्य मजकुराच्या बाजूला किंवा तळाला बसणारी चौकट: शोधायची खिडकी, ताजे लेख, कॅलेंडर, जाहिरात, काहीही. वर्डप्रेस २००३ साली आलं तेव्हा विजेट नव्हते. बाजूच्या पट्टीत, म्हणजे साइडबारमध्ये, काही बदलायचं तर थीमची, म्हणजे साइटच्या रूपरचनेची, फाइल उघडून कोडमध्ये हात घालावा लागे; एक अर्धविराम राहिला की सगळी साइट पांढरीफटक. २००६ मध्ये ऑटोमॅटिक या कंपनीने एक प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा सॉफ्टवेअरचा तुकडा, काढलं, ज्यात चौकटी माऊसने ओढून हव्या त्या क्रमाने लावता येत. ते लोकांच्या इतकं पसंतीस उतरलं की मे २००७ च्या २.२ या आवृत्तीत वर्डप्रेसमध्येच सामावून घेतलं गेलं. त्या आवृत्तीचं नाव ‘गेट्झ’, सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांच्यावरून. वर्डप्रेसवाल्यांना जॅझचं वेड आहे, प्रत्येक मोठ्या आवृत्तीचं बारसं ते एखाद्या जॅझ कलावंताच्या नावाने करतात.

रचना आपल्या जुन्या घरांतल्या कोनाड्यांसारखी आहे. भिंतीत कोनाडे किती आणि कुठे हे थीम ठरवते, त्यात काय ठेवायचं ते आपण ठरवतो. थीम बदलली की कोनाडे बदलतात आणि ज्या वस्तूंना नव्या घरात जागा मिळत नाही त्या ‘इनअॅक्टिव्ह विजेट्स’ नावाच्या अडगळीत जाऊन पडतात. फेकल्या जात नाहीत, एवढी माणुसकी आहे. फरक एकच आणि सगळी भानगड त्या फरकात. घरातला कोनाडा एका खोलीत असतो. वर्डप्रेसच्या साइडबारचा कोनाडा, थीमने वेगळं काही सांगितलं नसेल तर, प्रत्येक खोलीत असतो आणि प्रत्येक खोलीत त्यात तीच वस्तू असते. माजघरात पणती, स्वयंपाकघरात पणती, आणि दुखवट्याच्या खोलीतही पणती.

वर्तमानपत्रात असं होत नाही. तिथे रात्रपाळीला पान लावणारा उपसंपादक असतो. मिठाईच्या दुकानाची जाहिरात निधनवार्तेला चिकटलेली दिसली तर तो ती उचलून दुसरीकडे टाकतो, निदान टाकावी अशी अपेक्षा असते. वेबसाइटचं पान वाचकाने उघडलं की त्या क्षणी लागतं आणि तिथे रात्रपाळीला कुणीच नसतं. त्या उपसंपादकाची अक्कल आधीच अटींच्या रूपात लिहून ठेवावी लागते.

या अटींना वर्डप्रेसमध्ये ‘कंडिशनल टॅग’ म्हणतात. ते प्रश्नच असतात. ‘इज सिंगल’: हे एकट्या लेखाचं पान आहे का? ‘इज पेज’: हे ‘आमच्याविषयी’सारखं स्थायी पान आहे का? ‘इज सर्च’: वाचक काही शोधत आलाय का? ‘इज ४०४’: पान सापडलंच नाही का? उत्तर हो किंवा नाही आणि त्यावर विजेट दिसायचं की नाही ते ठरतं. प्रश्नाच्या आधी उद्गारचिन्ह लावलं की प्रश्न उलटा होतो. आपण आश्चर्याला वापरतो ते चिन्ह कोडमध्ये नकार देतं.

प्रश्न सोपे, पण त्यांचे शब्द फसवे. ‘इज होम’ घ्या. कुणालाही वाटेल, हे मुखपृष्ठ. पण साइटचं मुखपृष्ठ म्हणून एखादं स्थायी पान नेमलं असेल आणि लेखांची यादी ‘बातम्या’ नावाच्या वेगळ्या पानावर असेल, तर ‘इज होम’ त्या बातम्यांच्या पानाला हो म्हणतं. मुखपृष्ठासाठी ‘इज फ्रंट पेज’ असा निराळा प्रश्न आहे. घर एकीकडे, उंबरठा दुसरीकडे. ‘मुखपृष्ठावर लावलेली चौकट तिथे सोडून भलतीकडेच दिसते’ ही तक्रार ज्यांची असेल, त्यांनी आधी इथे बघावं.

मी मात्र दुसऱ्याच खड्ड्यात पडलो. आमच्याकडे ‘श्रद्धांजली’ नावाची कॅटेगरी आहे. मी अट घातली की ‘इज कॅटेगरी श्रद्धांजली’ असेल तर पणती लपव. श्रद्धांजलीची यादी उघडली, पणती गायब. समाधानाने चहा घेतला. संध्याकाळी पुन्हा फोन: पणती आहे तिथेच आहे. कारण ‘इज कॅटेगरी’ फक्त त्या कॅटेगरीच्या यादीच्या पानाला हो म्हणतं. त्या कॅटेगरीतला एखादा लेख उघडला की ते पान यादीचं राहत नाही, लेखाचं होतं. त्यासाठी ‘इन कॅटेगरी’ विचारावं लागतं. एका अक्षराचा फरक, पण यादी कोरी आणि लेख पणतीसकट, असा प्रकार झाला होता.

अटी घालायच्या वाटा निरनिराळ्या आहेत. जेटपॅक या प्लगइनमध्ये प्रत्येक विजेटला ‘व्हिजिबिलिटी’ची सोय मिळते: दाखवा किंवा लपवा, आणि कधी, तर अमुक पान, कॅटेगरी, लेखक, तारीख असेल तेव्हा. यादीतून निवडायचं, कोड लिहायचा नाही. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. ‘विजेट लॉजिक’ नावाचं जुनं प्लगइन याच्या दुसऱ्या टोकाला. त्यात विजेटखाली एक रिकामी ओळ मिळायची, तिच्यात पीएचपी भाषेतली अट लिहायची आणि ती जशीच्या तशी चालवली जायची. हवी तशी अट घालता येई म्हणून जाणकारांना ते आवडे. पण ज्याला विजेट बदलायची मुभा, त्याला तुमच्या सर्व्हरवर कुठलंही कोड चालवायची मुभा, असा त्याचा सरळ अर्थ होई. समितीतल्या हौशी पोराच्या हाती एवढी किल्ली देऊ नये, असं माझं मत आहे.

तिसरी वाट बहुतेक जण नकळत धरतात: सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं याच्या सूचनांत, ‘डिस्प्ले नन’ लिहून मोकळं होणं. वर्डप्रेसच्या बहुतेक थीम प्रत्येक पानाला खुणेचे शब्द चिकटवतात, त्यामुळे अमुक पानावर ही चौकट नको असं सीएसएसला सांगता येतं. दिसायला काम होतं. पण चौकट वाचकाच्या फोनपर्यंत पोचलेलीच असते, फक्त तिच्यावर चादर घातलेली असते. पणती असेल तर बिघडत नाही. सभासदांचे फोन नंबर असतील आणि ते ‘लपवलेत’ असं कुणी म्हणत असेल, तर पानाचा सोर्स उघडणाऱ्या कुणालाही ते वाचता येतात.

माझी अट आता बरोबर होती. मी पान उघडलं, पणती नाही. अध्यक्षांनी उघडलं, पणती आहे. दहा मिनिटं आम्ही फोनवर एकमेकांना खोटं ठरवत होतो. दोष कॅशचा. पान दर वेळी नव्याने लावायला वेळ जातो, म्हणून कॅशचं प्लगइन एकदा लावलेलं पान साठवून ठेवतं आणि येईल त्याला तेच वाढतं. सकाळची आमटी रात्रीपर्यंत. माझ्यासारखा लॉगइन केलेला माणूस आला तर मात्र त्याला सहसा ताजं पान करून देतात. म्हणून मी माझ्या साइटकडे बघत होतो आणि जग दुसऱ्याच साइटकडे. कॅश रिकामा केला, पणती सगळ्यांसाठी गेली. तारखेच्या, मोबाइलच्या किंवा वाचक सभासद आहे की पाहुणा यावरच्या अटी घालणाऱ्यांनी ही आमटी विशेष लक्षात ठेवावी.

मालकाला एक दिसतं, पाहुण्याला दुसरं. माझ्या बाबतीत हा वेंधळेपणा होता. २०१७ साली कुणीतरी त्याचा धंदा केला.

‘डिस्प्ले विजेट्स’ नावाचं एक प्लगइन होतं. काम नेमकं हेच: कुठल्या पानावर कुठलं विजेट दाखवायचं ते चौकोनात टिक करून ठरवायचं. साधं, फुकट, भरवशाचं. सुमारे दोन लाख साइटींवर बसलेलं. मूळ कर्त्यांना दुसऱ्या कामांतून वेळ मिळेना, तेव्हा त्यांनी ते विकलं. किंमत पंधरा हजार डॉलर, असं नंतर समोर आलं. प्लगइन विकणं यात बेकायदा काही नाही, आणि वापरणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. नाव तेच राहतं, डॅशबोर्डमध्ये ‘अपडेट’ची खूण येते आणि आपण शहाण्या माणसासारखे अपडेट करतो.

जून २०१७ मध्ये नव्या मालकाची पहिली आवृत्ती आली. बाहेरच्या सर्व्हरवरून ती अडतीस एमबीहून जास्त माल परस्पर उतरवून घेत होती. चौकटी लपवण्या-दाखवण्याच्या कामाला हा पसारा कशाला, असं वाटून तक्रारी झाल्या आणि वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातून प्लगइन काढलं गेलं. दुरुस्ती करून ते परत आलं. पुन्हा काढलं. पुन्हा आलं. सप्टेंबरपर्यंत चार वेळा काढलं गेलं, तेव्हा कुठे ते कायमचं गेलं. मधल्या आवृत्त्यांत ‘जिओलोकेशन’ अशा निरुपद्रवी नावाच्या फाइलमध्ये चोरदरवाजा होता. त्यातून बाहेरचा माणूस तुमच्या साइटवर स्वतःची पानं छापू शकत होता, आणि छापत होता: कुणाकुणाच्या धंद्यांच्या लिंकांनी भरलेला मजकूर, तुमच्या नावाखाली.

त्यातली खुबी अशी की लॉगइन केलेल्या माणसाला ही पानं दिसतच नसत. मालक रोज साइट उघडी, सगळं जागच्या जागी बघून निश्चिंत होई. कचरा फक्त पाहुण्यांना आणि गुगलला. ‘कुणाला काय दाखवायचं’ हे शिकवणारं प्लगइन स्वतः त्या विद्येत मालकाच्या एक यत्ता पुढे होतं.

या प्रकरणाचा आधार घेऊन ‘प्लगइन वापरूच नका’ म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. मग स्वतः कोड लिहावं लागेल आणि माझ्यासारख्याचं कोड हा आणखी मोठा धोका. पण एवढ्याशा कामाला एवढं मोठं प्लगइन कशाला, हा प्रश्न बसवायच्या आधी विचारावा आणि बरेच महिने बंद असलेलं प्लगइन एकाएकी नव्या उत्साहाने अपडेट मागू लागलं तर हात आखडता घ्यावा.

आता तर कोनाडेच जायला लागले आहेत. जुलै २०२१ च्या ५.८ आवृत्तीत विजेटच्या जागी ‘ब्लॉक’, म्हणजे पान रचायचे तुकडे, आले. जुन्या पद्धतीची सवय झालेले लोक इतके वैतागले की ती परत आणणारं ‘क्लासिक विजेट्स’ हे प्लगइन लाखो साइटींवर बसलं. जानेवारी २०२२ च्या ५.९ पासून ब्लॉक थीमचा जमाना सुरू झाला, त्यात तर विजेटचा पडदाच दिसत नाही. तिथे सगळं पान ब्लॉकचं. लेखाचा साचा वेगळा, यादीचा वेगळा, आणि हवा तर आपला स्वतःचा साचा करून तो एखाद्या लेखाला लावायचा. म्हणजे लपवायची अट लिहिण्यापेक्षा चौकट नसलेला साचाच निवडायचा. मला हे जास्त सरळ वाटतं. आम्ही वाचनालयाची थीम नंतर बदलली आणि ‘श्रद्धांजली’ नावाचा एक साचा केला: फोटो, मजकूर, तारखा, बस. तो दर वेळी आठवणीने निवडावा लागतो, एवढंच.

तुमच्या हाती एखादी वेबसाइट असेल तर आज दुपारी जेवणानंतर एक करा. स्वतःच्या फोनवर बघू नका, त्यावर तुम्ही लॉगइन असता. घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन मागून घ्या, साइटवरचं सगळ्यात गंभीर पान उघडा आणि तळापर्यंत बोट सरकवा. संगणकावर उजवीकडे असलेलं सगळं फोनवर बहुधा तिथे खाली जाऊन बसलेलं असतं.