वारशाचे कोलेस्टेरॉल आणि रक्तातील गुठळी

जखम झाली की प्लेटलेट्स तेथे गोळा होतात आणि फायब्रिनच्या तंतूंचे जाळे गुठळी बांधते. काम संपताच प्लाझ्मिन हे विकर ते जाळे तोडते. गोठणे आणि विरघळणे यांच्या या समतोलावरच रक्ताचा प्रवाह अवलंबून असतो. फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया या आनुवंशिक विकारात हा समतोल गोठण्याकडे झुकू शकतो.

रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृत उचलते. त्यासाठी लागणारे ग्राहक सदोष असले, तर ते जन्मापासूनच रक्तात साचते. या ग्राहकांसंबंधीच्या संशोधनासाठी मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. साचलेले कोलेस्टेरॉल धमनीच्या भिंतीत थर धरते. तो थर फुटला की त्यावर गुठळी बनते आणि हृदयविकाराचा झटका येतो. वाढलेल्या एलडीएलमुळे प्लेटलेट्सही अधिक सहज चिकटू लागतात.

यात लायपोप्रोटीन-ए या आणखी एका आनुवंशिक घटकाची भर पडू शकते. त्यातील एका प्रथिनाची रचना प्लाझ्मिनचे मूळ रूप असलेल्या प्लाझ्मिनोजेनशी मिळतीजुळती असल्याचे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे ते प्लाझ्मिनोजेनची जागा अडवते आणि गुठळी विरघळण्यास अडथळा आणते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

सुमारे २५० व्यक्तींमागे एकीला हा विकार असतो आणि अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून एकाचा अहवाल हा साऱ्या कुळाला इशारा असतो. शिंद्यांबरोबर उत्तरेत गेलेली मराठी घराणी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात स्थिरावली. त्यांपैकी एखाद्या घरात हे निदान झाले, तर पुण्यातील वा गोव्यातील सख्ख्या आप्तांनीही तपासणी करून घ्यायला हवी. मामेबहिणीशी विवाहाची जुनी रीत असलेल्या घरांत तर हे अधिकच महत्त्वाचे. आईवडील दोघांकडूनही दोष आल्यास मुलाला बालपणीच हृदयविकार गाठू शकतो.

प्रौढ व्यक्तीचे एलडीएल १९० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असणे, टाचेमागील स्नायुबंध जाड होणे, घरात तरुणपणी हृदयविकाराचा झटका आलेला असणे, ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. केवळ पथ्याने हा विकार आटोक्यात येत नाही. स्टॅटिनसारखी औषधे बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. ॲस्पिरिन मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये, कारण त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो.