शिजणे, मुरणे आणि पकना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागाचे नाव १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी टाकलेल्या छावणीवरून पडले. येथील मराठीला उर्दूचा शेजार आहे तो तेव्हापासून.

'आत काहीतरी शिजते आहे' या मराठी वाक्यात कट आहे. उर्दूत त्याचीच 'खिचडी पकती है'. मराठीत मात्र 'विचारांची खिचडी' म्हणजे नुसता गोंधळ. 'दाल नहीं गली' याचे भाषांतर विद्यार्थी 'डाळ गळली नाही' असे करतात. मराठीत गळते ते छप्पर! डाळ शिजते, किंवा शिजत नाही. 'शिजणे' हे संस्कृत 'सिध्यति', प्राकृत 'सिज्झइ' यांवरून आले. तेव्हा 'त्याची डाळ शिजली नाही' म्हणजे बेत सिद्धीस गेला नाही, हा लाक्षणिक अर्थ धातूतच दडलेला आहे.

'मुरणे' याला आच लागत नाही, वेळ लागतो. लोणचे मुरते, जमिनीत पाणी मुरते. झाकून ठेवलेल्या चहाला उर्दूत 'दम' देतात, आपण तो मुरू देतो. 'मुरलेला वकील' अनुभवी असतो. 'पाणी कुठेतरी मुरते आहे' यात संशय असतो. उर्दूत पहिल्यासाठी 'मंझा हुआ' आणि दुसऱ्यासाठी 'दाल में कुछ काला' असे निरनिराळे प्रयोग करावे लागतात.