मुका मार म्हणून सोडून देऊ नका!
(हाडासांध्यांच्या दुखापतीची ओळख)

घरात, कामावर किंवा रस्त्यावर कोणी पडले की आपल्याकडे निदान ठरलेले असते : "काही नाही, मुका मार आहे." बोटे हलतात, म्हणजे हाड मोडलेले नाही, असेही कोणीतरी ठामपणे सांगतो. मग लेप, चोळणे, ओढून बसवणे आणि दोन-तीन दिवसांनी दवाखाना. बांधकामावर, हमालीत, कारखान्यात राबणाऱ्या माणसाचे हातपाय हेच त्याचे भांडवल. ते अशा निदानावर सोडून देणे परवडणारे नाही. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. उपचार शिकवण्याचा हेतूही नाही. परंतु इस्पितळाच्या अपघात विभागात डॉक्टर काय पाहतात आणि का पाहतात, हे सभासदांना व विद्यार्थ्यांना ठाऊक असावे, म्हणून हा प्रपंच.

आधी जीव, मग हाड

वाकडा झालेला पाय लगेच नजरेत भरतो. तरीही डॉक्टर प्रथम श्वास, रक्तस्राव आणि शुद्ध पाहतात. याला कारण आहे. मांडीचे हाड मोडले तर लिटरभर किंवा त्याहून अधिक रक्त मांडीतच साठू शकते. बाहेर एक थेंबही दिसत नाही. रुग्ण पांढरा पडला, घाम सुटला, नाडी जलद झाली, तर ते आतील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते.

पाहणे, चाचपणे, हालवणे

यानंतर दुखरा भाग दुसऱ्या बाजूच्या चांगल्या भागाशी ताडून पाहतात. सूज, वाकडेपणा, जखम पाहतात. बोटाने दाबून नेमके कोठे दुखते ते शोधतात. शेवटी रुग्णाला स्वतः हालवायला सांगतात. बोटे हालवणारे स्नायू वर, लांब असतात. म्हणून हाड मोडूनही बोटे हलू शकतात. मोडलेल्या हाडाजवळ छोटी जखम असली तरी ती हाडापर्यंत गेलेली असू शकते. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी अशा वेळी प्रतिजैविक औषध लवकर सुरू करावे लागते.

सर्वांत महत्त्वाची तपासणी दुखापतीच्या खालच्या भागाची. पाय मोडला तर पावलाचा रंग कसा आहे, ते गरम आहे की गार, नाडी लागते का, स्पर्श कळतो का, बोटे हलतात का, हे पाहतात. येथे बोटांची हालचाल पाहतात ती मज्जातंतू व स्नायू शाबूत आहेत का यासाठी. हाड काही आठवड्यांनी जुळते. रक्तपुरवठा तुटलेला अवयव तितके दिवस थांबत नाही.

एक्स-रे केव्हा?

घोटा मुरगळला की प्रत्येकाचा एक्स-रे काढावा का? कॅनडातील ओटावा येथील डॉ. इयान स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली यासाठी सोपे नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर दाबल्यास दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या मध्यभागासाठीही असेच नियम आहेत. हे नियम मोठ्या संख्येने रुग्णांवर तपासले गेले असून अनेक देशांत वापरले जातात.

उलट, एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे सर्व ठीक, असेही नाही. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावरच्या खळग्यात दुखत असेल, तर तेथील लहान हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कित्येकदा दिसत नाही. म्हणून प्लास्टर किंवा आधार देऊन 10 ते 14 दिवसांनी पुन्हा तपासतात. ही तारीख चुकवू नये.

मोरीत घसरलेल्या आजीचा पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडले असण्याचा संभव फार. "वय झाले, पडून राहू द्या" हे धोक्याचे आहे. अंथरुणाला खिळल्याने न्यूमोनिया, शय्याव्रण, रक्ताच्या गाठी होतात. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत करावी, असा आजचा सल्ला आहे.

घट्ट पट्टीचा धोका

जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी 1881 साली दाखवून दिले की घट्ट पट्ट्यांमुळे रक्त अडून स्नायू मरतात आणि हात कायमचा आखडतो. आजही कामट्या लावून करकचून बांधलेल्या हाताचे तेच होऊ शकते. पट्टी नसतानाही आतील सुजेने स्नायूंवर दाब वाढतो. त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. दुखापतीच्या मानाने फारच तीव्र आणि वाढत जाणारी वेदना, बोटे ताणली की असह्य कळ, मुंग्या, बधिरपणा ही त्याची चिन्हे. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. ती शेवटपर्यंत लागू शकते. सुमारे सहा तासांत दाब मोकळा झाला नाही तर स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. प्लास्टरनंतर घरी असे दुखू लागल्यास सकाळची वाट न पाहता परत जावे.

न पडताही

कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीचा भाग बधिर झाला, पायातील शक्ती गेली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. मूल तापाने फणफणले आहे, सांधा सुजला आहे आणि ते पाय टेकू देत नाही, तर सांध्यात पू झाला असण्याची शंका घ्यावी. तेथे चोळणे सर्वथा वर्ज्य.

आपण काय करावे?

मान किंवा पाठ दुखत असेल तर रुग्णाला उठवून बसवू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. मोडलेला भाग आहे त्या स्थितीत फळी किंवा पुठ्ठ्याचा आधार देऊन सैलसर बांधावा. सूज येण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत. भूल द्यावी लागण्याचा संभव असतो, म्हणून खाऊ-पिऊ घालू नये. चोळू नये, ओढू नये. आणि दर थोड्या वेळाने बांधलेल्या भागाखालची बोटे पाहावीत : गार, निळी किंवा बधिर वाटली तर पट्टी तत्काळ सैल करावी. एवढे घरातील प्रत्येकाला, विशेषतः शाळकरी मुलांना, शिकवून ठेवावे. पैसा लागत नाही आणि एखाद्याचा हात वाचतो.